माकुणसारी चिनी

बोईसर स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर मोरुभाऊ कधी खात नसत, फक्त तिची पाटी वाचून भांडत. मराठी अक्षरांचे तुकडे करून, त्यांची टोकं फराटे मारून ओढून 'चायनीज' लिहिलेलं दिसलं की त्यांचा पारा चढे. "ही चिनी अक्षरं नाय," ते गाडीवाल्याला सांगत. "मराठी अक्षरांना हिवताप आलाय." मग मी दंडाला धरून त्यांना पुढे नेत असे.

मोरुभाऊ आमच्या कारखान्यातले पेंटर. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर 'ही बाजू वर', 'पाण्यापासून जपा' असल्या सूचना ते त्या त्या देशाच्या लिपीत स्टेन्सिल लावून रंगवत. मी डिस्पॅचला, म्हणून दिवसभर शेजारी. घर माकुणसार गावात. मूलबाळ नाही, ते, वहिनी आणि मागे पानवेलींची वाडी.

दोन वर्षांपूर्वी नवं मशीन बसवायला तैवानहून लिन नावाची इंजिनियर मुलगी तीन महिन्यांसाठी आली. मोरुभाऊंनी रंगवलेली चिनी सूचना तिने वाचली. अक्षरं बरोबर आहेत, पण कुठल्याच गावची नाहीत, असं ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. तिच्या गावात काही मंडळींनी बसून गावाची स्वतःची अक्षरं घडवली होती. दुकानाची पाटी बघितली की ती तिथलीच वाटावी अशी. हे मी मराठीत सांगत होतो, ते पुरतं संपायच्या आत मोरुभाऊ उठून उभे राहिले.

"म्हणजे चिनी अक्षर माकुणसारचं पण होऊ शकतं?"

लिन म्हणाली, होईल की, पण अशी हजारो काढावी लागतील. "काढू," मोरुभाऊ म्हणाले आणि त्याच दुपारी वही आणली.

तेव्हापासून आम्हाला चैन नाही. जेवणाच्या सुट्टीत, शिफ्टच्या बसमध्ये, रिक्षात, नवं अक्षर जमलं की ते समोरच्याच्या नाकाशी धरत. एकाने कागद उलटा धरला, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मी आपलं सुचवलं, झाडाच्या अक्षराला झावळ्या काढा, म्हणजे गाव आलंच. ते माझ्यावर उखडले. "चित्र नाय काढायचं. तिकडच्या माणसाला वाचता आलं पायजे. फक्त वळण आपलं पायजे." मग वाडीतून खिशात घालून आणलेलं पान माझ्या टेबलावर ठेवून त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. ठिपक्याचं टोक त्या पानाच्या टोकासारखं हवं होतं. अक्षरात पाणी दाखवणाऱ्या तीन फटकाऱ्यांसाठी तर ते आठवडाभर वाडीतल्या पाटाजवळ बसून होते.

लिन रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाई. तीन महिने संपले, ती परत गेली. काम आहे म्हणून मोरुभाऊ तिला निरोप द्यायलाही आले नाहीत. आता हे वेड उतरेल असं आम्हाला वाटलं, पण ते वाढलंच. कारखान्याला मोजून दहा-बारा अक्षरं लागत आणि यांची शेकड्यांत गेली. एवढी कशाला, असं विचारलं की म्हणत, लागतील.

यंदा मशीन दुरुस्त करायला चेन नावाचा दुसरा तंत्रज्ञ आला. मोरुभाऊंनी त्याच्यापुढे चार कागद मांडले. चेनने एका अक्षरावर बोट ठेवलं आणि सांगितलं की ह्याची शेपटी लांब झाल्यामुळे शब्द भलताच होतोय. बाकी सगळं वाचता येत होतं. मग त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि मला विचारलं, ही लिन कोण? त्याने एकेक ओळ इंग्रजीत सांगितली, तेव्हा मला कळलं की ते पत्र होतं.

'लिन, जेवलीस का? तिकडे थंडी आहे का? रविवारी आमच्याकडे अजून भात जास्त शिजतो. तू निघालीस त्या दिवशी मला काम नव्हतं. रडू येईल म्हणून मी खोक्यांमागे उभा होतो.'

मोरुभाऊ खाली मान घालून ती शेपटी खोडत होते. "शब्द फोनमधून काढले," ते म्हणाले. "पण फोनच्या अक्षरात पाठवायचं नवतं. तिला दिसलं पायजे कुठून आलंय ते."

पत्र गेलं. तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत लिनचा फोन आला. मोरुभाऊंनी पाठ केलेलं एकुलतं एक चिनी वाक्य, 'जेवलीस का?', अगदी माकुणसारी हेल काढून म्हटलं. पलीकडून ती बराच वेळ बोलत राहिली. हे नुसते हं, हं करत होते.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"जेवली," मोरुभाऊ म्हणाले, आणि त्यांनी आपला डबा उघडला.