गाण्याचा प्रवेश रद्द

तुम्हा नियम करणाऱ्यांपैकी एकाने माझ्या गाण्याला वर्गाबाहेर काढलं, तेही त्याची हजेरी पूर्ण असताना. ज्याने काढलं त्याने स्वतःचे नियमसुद्धा वाचले नव्हते.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात संगीत व्यवसाय हा विषय शिकवते. शब्दांचे हक्क कुणाचे, चालीचे कुणाचे, कंपनीने पुढे केलेल्या करारातली कुठली ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, हे मी मुलांना सांगते. रविवारी स्वतःची गाणी लिहिते आणि रेकॉर्ड करते. घरटी एक पोर डॉक्टर व्हायला बसलेल्या या शहरात यातलं एक काम लोकांनी चालवून घेतलं असतं. दोन्ही एकाच बाईने करावीत, याचा मात्र त्यांना राग येतो.

जुलैत, प्रवेशाच्या गर्दीत, माझं एक गाणं रांगेत उभं राहिलं. त्याचा फक्त मुखडा झाला होता. खिडकीवरच्या गणाचार्य मामांनी त्याला नाव विचारलं, तेव्हा त्याने मुखडा म्हणून दाखवला. मामांनी पात्रतेच्या अटी वरपासून खालपर्यंत वाचल्या. विद्यार्थी माणूसच असावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी त्याला प्रवेश दिला.

गाणं तिसऱ्या बाकावर कौसर पटेलच्या शेजारी बसायचं. ते दिसत नसे, पण त्याच्या जागेवर कुणी दप्तर ठेवलं की त्याचा स्वर चढायचा. हजेरीला ते मुखड्याची पहिली ओळ म्हणायचं. अभ्यासाला बरं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "मॅडम, करारात 'कायमचे' हा शब्द कुणाच्या सोयीचा असतो?" मी म्हटलं, ज्याने करार टाइप केला त्याच्या. वर्गाने ते लिहून घेतलं.

दिवाळीनंतर प्राचार्य मुळजकर सर वर्गावरून जाताना थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बसा. गाणं गोड आहे. प्रवेशाच्या जाहिरातीला हेच घेऊ."

"ते अजून पूर्ण नाही, सर. आणि ते माझं आहे."

"तुमचं कसं काय? दिवसभर इथं असतं. महाविद्यालयाच्या वेळेत जे घडतं ते महाविद्यालयाचं. इथं सही करा, म्हणजे कायमचं मिटलं."

"ते इथे शिकायला येतं. विद्यार्थी महाविद्यालयाच्या मालकीचे असतात का?"

सरांनी सहीचा कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. "नसतात," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "विद्यार्थी असेपर्यंत."

मी उठले.

"आणि मॅडम, तुम्हीही एकदा ठरवा. शिकवायचं का गायचं. दोन्ही कुणालाच जमत नाही."

"मी ठरवलंय. दोन्ही."

संध्याकाळी गाण्याचा प्रवेश रद्द झाल्याची सूचना लागली. विद्यार्थी नसलेली आणि तरीही आवारात असलेली गोष्ट म्हणजे सामान. त्यामुळे सकाळी गणाचार्य मामा पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. आमच्याकडे प्रत्येक पंख्यावर, खुर्चीवर आणि हार्मोनियमवर नंबर रंगवलेला असतो. गाणं बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरपाशी उभं होतं.

"जरा खाली ये बाबा," मामा म्हणाले. "लईच वरच्या पट्टीत आहेस. ब्रश पोचत नाही."

गाणं आणखी दोन स्वर वर गेलं. मामांनी बराच वेळ वाट पाहिली आणि कूलरलाच पुन्हा एकदा नंबर घातला.

मी वर्गात गेले. तिसऱ्या बाकावर अर्धी जागा मोकळी होती. आठ दिवसांनी जाहिरातवाले येणार होते. त्यांनी ते एकदा घेतलं असतं, तर माझं गाणं पुढे वर्षानुवर्षं 'मर्यादित जागा, त्वरा करा' या वाक्याखाली वाजलं असतं. मी खडू उचलला.

"चला बाहेर."

"कुठं मॅडम?" वैजनाथने विचारलं.

"विद्यार्थी जिथे आहे तिथे."

"सगळे का?"

"तुला एकट्याला बसायचं असेल तर बस."

"मी कशाला बसू? मी काय सामान आहे का?" तो म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडला.

त्या दिवसापासून मी व्हरांड्यात शिकवू लागले. सरांनी लेखी कळवलं की अध्यापन म्हणजे वर्गखोलीत होणारं अध्यापन. व्हरांड्यातले तास झालेच नाहीत असं समजण्यात येईल. मी पत्र मिळाल्याची सही केली आणि पुढचा तास घेतला. विषय होता, गीतकाराचा हक्क नेमका कधी सुरू होतो.

उदाहरण म्हणून मी अंतऱ्याची पहिली ओळ फरशीवर लिहिली. कौसर म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. ही ओळ फार गरीब आहे. हात जोडल्यासारखी."

"मलाही तेच वाटतं," गाणं म्हणालं.

"मग तू सांग की शहाण्या," वैजनाथ म्हणाला.

गाण्याने सांगितली. वैजनाथने ती वहीत उतरवून घेतली, म्हणजे ओळ चांगली होती. एक शब्द कौसरने बदलला. मी तिथल्या तिथे तिचं नाव गीतकारांत घातलं. चार दिवसांत अंतरा पूर्ण झाला. वैजनाथने कूलरचं बटण बंद केलं, माइक हातात धरला आणि मी गायले. शेवटची ओळ सगळ्या वर्गाने माझ्यासोबत म्हटली.

जाहिरातवाले आले तेव्हा सर त्यांना घेऊन व्हरांड्यात आले.

"हे ते गाणं," सर म्हणाले. "आता पूर्णही झालंय. आमच्याच आवारात."

"कधी झालं, सर?" मी विचारलं.

"आत्ताच, या चार दिवसांत. तासाच्या वेळेत."

"कुठल्या तासाच्या? मुखडा घेऊन ते जुलैत माझ्या घरून आलं. अंतरा या तासांत झाला. हे तास झाले असतील, तर ते त्या तासांत शिकत होतं, म्हणजे ते विद्यार्थी आहे. झाले नसतील, तर मी कामावर नव्हते, म्हणजे ते माझं आहे. तुम्ही कुठलं घेता?"

"मी तुमची नोकरी घेऊ शकतो, मॅडम."

"घ्या. पण कारण लिहावं लागेल. न झालेल्या तासांना शिकवलं म्हणून काढताय, की झालेल्या तासांना शिकवलं म्हणून?"

जाहिरातवाल्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. कौसर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, मग वैजनाथ, मग बाकीची मुलं. कुणी घोषणा दिली नाही. आम्ही मुखडा सुरू केला. सर मधेच हात वर करून थांबवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात वर केलाही, पण अंतरा संपेपर्यंत तो तसाच हवेत राहिला.

"वर्गात बसवा त्याला," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही पण आत जा सगळे. आणि फरशी पुसून घ्या."

जाहिरातवाले परत गेले. सर त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी हजेरी घेतली. तिसऱ्या बाकावरून आता दोन ओळी आल्या. रविवारच्या स्टुडिओची वेळ मी सर्वांदेखत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि राहिलेला धडा पुढे सुरू केला.

एवढ्यात गणाचार्य मामा दारात आले.

"मॅडम, खिडकीवर अजून एक आलंय बघा. म्हातारं आहे, मधल्या दोन ओळी गळाल्यात, पण चाल शाबूत आहे. मुळजकर सरांचं आहे म्हणतंय. सरांना विचारू, का आधी बसवून घेऊ?"