टेकडीचा लमझना

मोबाइलचा टॉवर तेंदूखोऱ्यात आला तो स्वतःच्या पायांनी, मंगळवारी, ग्रामसभेच्या अर्धा तास आधी. सोबत कंपनीचे तायडेसाहेब संमतीचा फॉर्म घेऊन होते. मी इथला ग्रामसेवक. इतिवृत्तात टॉवरला कुठे बसवावे ते कळेना, म्हणून 'निमंत्रित' लिहून मोकळा झालो.

टॉवरला टेकडीचा माथा हवा होता. फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते.

"टेकडी गावाची पोरगी हाय," गावप्रमुख ओंकार पटेल म्हणाले. "मागाले आला, बरं केलं. पण आधी राबा लागते."

कोरकूंची ही जुनी रीत. मुलगी मागणारा लमझना होऊन सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबतो. पसंत पडला तर मुलगी मिळते. तोवर त्याने स्वतःचे काम करायचे नाही.

"टॉवरचं स्वतःचं काम म्हणजे फोन," मी साहेबांना समजावले.

साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते थेट सोनकली कासदेकरकडे वळले. तिचा एकुलता शोभाराम बोअरच्या गाडीवर कामाला दूर दक्षिणेत गेला होता, आणि त्याचा आवाज तिने वर्षभर ऐकला नव्हता.

"मावशी, अंगठा द्या. उद्या पोराशी बोला."

सोनकलीचा हात उचलला गेला. मी पाहिला. मग तो परत मांडीवर आला.

"जीव तुटते माहा त्याच्यासाठी," ती म्हणाली. "पण शोभारामचा बाप माह्या बापाच्या घरी पाच वर्सं राबला. याले फुकट कशी देऊ?"

घासाघीस होऊन दोन वर्षे ठरली. सोनकलीच्या घरी पुरुषमाणूस नव्हता, म्हणून टॉवर तिच्याच अंगणात राहिला.

कामाला तो वाघ निघाला. कुटकीच्या शेतातून रानडुकरे हाकली, लाकडे वाहिली, दारातून जाताना वाकायलाही शिकला. सोनकली त्याच्यासमोर चहा ठेवी, शोभारामच्या लहानपणीच्या खोड्या सांगे, आणि चहा निवला की स्वतःच पिई. रविवारी टॉवरचा शेंडा थोडा वेळ गुणगुणायचा आणि गप्प व्हायचा. कुणी विचारले नाही.

दोन वर्षांनी सभा बसली.

"कामचुकार होता का?" पटेलांनी सोनकलीला विचारले.

"नाही. थोडा उंच हाय, बस."

'हो'वर खूण झाली. टॉवर टेकडीवर चढला, आणि शोभारामने जाताना ठेवून दिलेला सोनकलीचा फोन वाजला. शोभारामच बोलत होता, पण दोन वर्षांपूर्वीचा. तो दर रविवारी फोन करत आला होता. लमझन्याने रीत मोडली नव्हती. एकेक फोन नीट जपून ठेवला होता, आणि आता आले त्या क्रमाने सोडत होता. आज केलेला फोन साहजिकच रांगेत शेवटी जाई.

"शेवटचा आधी मागून घ्या, मावशी," तायडेसाहेब म्हणाले. "निदान आत्ता कुठे आहे ते तरी कळेल."

"अन् मधले टाकून देऊ? लेकराचं बोलणं हाय ते."

ती रोज एकच ऐकते. त्याला ताप आला ते ऐकून दोन दिवस जेवली नाही. बरा झाला तेव्हा साऱ्या गावाला सांगत फिरली.

काल मी एका कागदावर अंगठा घ्यायला तिच्याकडे गेलो. ती अंगण सारवत होती.

"शोभाराम होळीले येतो म्हणला," ती म्हणाली.

मला राहवले नाही. "सोनकलीबाई, ती होळी होऊन गेली. दीड वर्ष झालं."

"माहीत हाय मले. आला नाही तो." तिने पोतेरे पुढे ओढले. "पण तो येतो म्हणला तवा मी अंगण कुठं सारवलं होतं?"

मी अंगठा राहू दिला आणि विहिरीवरून बादली भरून आणली.