सोमाजीच्या रक्तातलं तूप

सुई टोचताना सोमाजीने हूं की चूं केलं नाही; तो घाबरला तो भाचीने पुढचं सांगितल्यावर. पुण्याच्या प्रयोगशाळेतली ही आरती डोंगरातल्या माणसांच्या रक्तातली चरबी तपासत होती. मामा-मामींच्या रक्ताच्या नळ्या तिने नुकत्याच भरल्या होत्या.

"आमचा मास स्पेक्ट्रोमीटर रक्तातली चरबी सुटी करून तिच्या कणाकणाचं वजन घेतो, मामा. तुपाची कुठली, तळणाच्या तेलाची कुठली, सगळं कळतं. दोन-तीन महिन्यांमागचंसुद्धा."

"लई नामी तराजू," सोमाजी म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

"बरं झालं," चुलीपासून सोनीबाई बोलली. "डाक्टरनं ह्यांचं वडं बंद केल्यात. रक्तात वडा घावला, तर माझ्या म्हशीचं तूप बंद."

जुन्नरच्या बाजारातला वडा सोमाजीने एकदाही चुकवला नव्हता, आणि घरच्या तुपात तर त्याचा जीव अडकलेला. आरती हात धुवायला परसात गेली, तशी त्याने नळ्यांवरची नावं अलगद सोडवली आणि अदलाबदल करून चिकटवली.

महिन्याभराने आरती आली ती चेहरा पाडून. "मामा, आधी तुमचीच नळी तपासली. वड्याच्या तेलाचा मागमूस नाही."

सोमाजीने मिशीवरून हात फिरवला.

"पण तुपाचाही नाही."

"आं? रोज वाटी उपडी करते ह्यांच्या ताटात," सोनीबाई उठलीच. "कुणाला चारता माझं तूप? त्या शेजारच्या साळुबाईकडं गप्पा हाणाया जाता, तिला?"

"मामी, तसं नाही. इतकं तूप खाऊन रक्तात येत नसेल, तर आतड्यांचं दुखणं असू शकतं. पुण्याला दाखवायला हवं."

"म्हस इका," सोनीबाई म्हणाली, "पर ह्यांना आजच्या आज न्या." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्यासाठी रडणारी बायको सोमाजी पहिल्यांदाच पाहत होता. त्याला ते सोसवेना.

"मला काय बी झालं न्हाई," तो पुटपुटला. "नावं म्या बदलली. ते रगत तुझं हाय."

"म्हंजी वडं खाल्लं."

"खाल्लं. पर तू गं? तूप घेतलंस का इचारलं की म्हनायचीस, मी कवाच खाल्लं. ह्ये खाल्लंस व्हय?"

सोनीबाई पदराशी चाळा करत राहिली. "येका म्हशीचं तूप किती पुरनार," ती हळूच म्हणाली. "आन् मला न्हाई आवडत."

आरतीच्या यंत्रापुढे सोमाजीने मनातल्या मनात हात जोडले. देवाला जे कळलं नव्हतं, ते त्या तराजूने काढलं होतं.

जेवायला बसल्यावर बोलल्याप्रमाणे सोनीबाईने त्याला कोरडाच भात वाढला. त्याने तुपाची वाटी ओढली, तिच्या भातावर उपडी केली आणि म्हणाला, "खा. आरती पुन्यांदा रगत काढनार हाय."

नाइलाजाने तिने घास घेतला. आणि डोळे मिटून, बोटं चाटून, तिने अख्खं ताट पुसून काढलं. कोरडा भात चिवडत सोमाजी बघत राहिला. उद्यापासून आपल्याला तूप नाही, हे त्याला यंत्राशिवायच कळलं.