कणगीतला पाहुणा

सहल कशी आखावी, हे माझ्याकडून शिकावं! घरातून निघताना गॅस बंद आहे का, हे तीनतीनदा कोण बघतं? मी. बॅगा ओळखू याव्यात म्हणून लाल रिबिनी कोण बांधतं? मीच. त्यामुळे आमचं जहाज त्या बंदराला लागलं आणि जहाजवाल्यांनी ‘खेडी आणि पारंपरिक हस्तकला’ अशी बसची सहल जाहीर केली, तेव्हा मी नुसता हसलो.

“मेंढरांसारखं बसमध्ये चढायचं, मेंढरांसारखं उतरायचं आणि फोटो काढून परत!” मी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. “आम्ही दोघं नवराबायको स्वतंत्र गाडी करून जाणार. जिथं तुमची बस फिरकणारसुद्धा नाही अशा खेड्यात!”

समोर दादा बसले होते. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. माणूस अतिशय शांत. ते कमी बोलतात, म्हणून त्यांच्यासमोर मला जास्त बोलावं लागतं. टोस्टला लोणी लावता लावता ते म्हणाले, “बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, जावईबापू. तुमच्या गाडीसाठी नाही थांबणार. पाचला शिडी वर घेतात.”

“मी आणि उशीर?” मी म्हणालो.

बायको मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, “अहो, जहाज चुकलं तर दादासमोर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एवढं लक्षात ठेवा.”

“तू निश्चिंत राहा गं!”

खेडं छानच निघालं. एका बाजूला कुंभाराचं चाक फिरत होतं, पलीकडच्या घरातून मागाची खटखट ऐकू येत होती, आणि टोकाच्या अंगणात एक मावशी वेताची कणगी विणत होत्या. कणगी म्हणजे धान्य साठवायची, पुरुषभर उंचीची टोपली. मावशींनी जमिनीत गोलाकार काठ्या रोवल्या होत्या आणि त्यांच्याभोवती वेत फिरवत फिरवत विणकाम वर चाललं होतं. आत्ता ते कमरेपर्यंत आलं होतं.

“माझ्या लेकीच्या नव्या घरासाठी आहे,” मावशी म्हणाल्या. “उद्या न्यायला येणारेय ती. पण वेताची टोकं आतून खोचायला माणूस लागतो. आमचे हे खोचतात, ते गेलेत वेत तोडायला.”

“मी आहे की!” मी म्हणालो.

“अहो...” बायको म्हणाली.

“अहो, पण त्याचं असं असतं पाहुणे...” मावशी समजावू लागल्या.

“मला माहितीय!” मी म्हणालो. “सगळं वाचून आलोय मी.” आणि टांग टाकून आत उतरलोसुद्धा. खाली चटई अंथरलेली होती. त्यावर उभा राहून मी टोकं खोचू लागलो, आणि खरं सांगतो, हात असा बसला की विचारू नका! मावशी विणत होत्या, मी खोचत होतो आणि बायको पायरीवर बसून सरबत पीत होती. आयुष्यात इतकं निवांत मला क्वचितच वाटलं असेल.

विणकाम छातीपर्यंत आलं, मग खांद्यापर्यंत.

“आता बाहेर या,” मावशी म्हणाल्या. “पुढं तोंड आवळायचंय.”

मी कडेला हात टेकले, एक पाय उचलला, आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. बस! आमच्या जहाजाची बस! तिच्यातून एकामागून एक मेंढरं, म्हणजे माणसं, उतरत होती आणि सगळ्यांत पुढे दादा होते.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? ‘बस फिरकणारसुद्धा नाही’ हे वाक्य अजून माझ्या तोंडात ताजं होतं. मी बायकोला हातानं गप्प राहायची खूण केली आणि खाली बसलो.

“तू इथं?” दादांचा आवाज आला. “आणि जावईबापू कुठं गेले?”

“ते... आतच आहेत,” बायको म्हणाली. “म्हणजे गावात आत.”

“बरं बरं,” दादा म्हणाले आणि जवळ आले. मला वेताच्या फटीतून त्यांचा पट्टा दिसत होता.

मावशींपुढे पन्नास माणसं कौतुकानं उभी राहिल्यावर त्या बिचाऱ्या काय करणार? त्यांनी विणायला घेतलं! काठ्या आत वाकवल्या, वेत गरागरा फिरवला. माझ्या डोक्यावरचं आभाळ आधी परातीएवढं होतं, मग ताटाएवढं झालं. आणि दादा, जे एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतात, ते प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले! वेत किती वेळ भिजवायचा? कणगीला कीड लागते का? रिकामी असताना आतून आवाज येतात का?

“नाही बाई,” मावशी म्हणाल्या. आणि नेमकी मला शिंक आली.

सगळे कणगीकडे बघू लागले.

“उंदीर असेल,” दादा शांतपणे म्हणाले. मग फोटो काढले गेले, टाळ्या वाजल्या आणि एकदाची बस गेली.

मी उठलो. डोकं बाहेर आलं. खांदे येईनात!

“हात आधी काढून बघा,” बायको म्हणाली. हात आले, तर डोकं आत राहिलं. एक खांदा तिरका करून पाहिला, श्वास सोडून पाहिला. आमचा गाडीवाला येऊन म्हणाला, “साहेब, आता निघालो नाही तर जहाज मिळायचं नाही.”

“कापा!” मी ओरडलो. “सुरी आणा, कापा ही कणगी!”

मावशींनी कणगीला दोन्ही हातांनी मिठीच मारली. त्यांचे डोळे भरून आले. “लेकीची आहे हो,” त्या म्हणाल्या.

“खबरदार कुणी सुरी आणली तर!” बायको म्हणाली. “मावशी, तुम्ही घाबरू नका. यांना काही झालेलं नाही.”

“अगं, पण जहाज!”

“मी जाते जहाजावर. तुम्ही धान्याबरोबर या.”

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, की मला खरंच भीती वाटली. जहाज चुकणार, ते दादांना कळणार, कसं चुकलं तेही कळणार! त्या टोपलीत उभ्या उभ्या मला पहिल्यांदा वाटलं, की निमूट बसनं आलो असतो तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात मावशींचे यजमान आले. डोक्यावर वेताचा भारा आणि काखेत विणलेली एक मोठी गोल चकती. त्यांनी कणगीकडे पाहिलं. तिच्यातून वर आलेल्या माझ्या डोक्याकडे पाहिलं.

“पाहुणे का?” त्यांनी विचारलं.

“अडकलेत,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

“कशात?” असं म्हणून त्यांनी भारा खाली ठेवला, कणगी धरून जरा हलवली, रोवलेल्या काठ्या जमिनीतून उपटल्या आणि गाडीवाल्याच्या मदतीनं अख्खी कणगी सरळ वर उचलून बाजूला ठेवली. मी होतो तिथंच, चटईवर उभा!

“अगं बाई!” मावशी म्हणाल्या. “कापायचं नाव काढलं, आणि माझं डोकंच चालेना!”

यजमानांनी काखेतली चकती पुढे केली. “हे बूड. हे शेवटी लागतं. बसवू का आता, की पाहुण्यांचं अजून काही राहिलंय आत?”

गाडी कशी हाकली ते गाडीवाल्याला ठाऊक. शिडी वर घेता घेता आम्ही चढलो! मी केस नीट केले, शर्टातल्या वेताच्या काड्या झटकल्या आणि रुबाबात जेवायला गेलो.

“मग, कसं होतं तुमचं खेडं?” दादांनी विचारलं.

“अप्रतिम! शांत! एक बस नाही की काही नाही.”

“वा,” दादा म्हणाले. “आम्ही पण एक कणगी पाहिली. हा बघा फोटो.”

फोटो सुरेख होता. मधोमध कणगी, शेजारी मावशी. विणकाम जमिनीपासून वीतभर वर सुरू झालेलं, आणि त्या वीतभर फटीत दोन पांढरेशुभ्र बूट. माझ्या वाढदिवसाला दादांनीच दिलेले.

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. दादांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं.

“उद्याच्या बंदरावर काय आखलंय, जावईबापू?”

“बस किती वाजता सुटते, दादा?” मी विचारलं.