गेनू मिस्त्रीची ठेंगणी फटफटी

गेनू मिस्त्री आपली फटफटी संध्याकाळी गोठ्यात नेऊन दाव्यानं खुंटीला बांधत असे. हँडलला निळ्या मण्यांची माळ, चाकांना हळदीचे पट्टे आणि पुढ्यात मूठभर पेंढा. पेंढा कशाला, असं मी एकदा विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "शेजारच्या बैलाम्होरं टाकायचा आन हिच्याम्होरं न्हाई, ह्यो दुजाभाव आपल्याला जमत न्हाई."

मुलांनो, तुमच्यातल्या धाकट्यानं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी छोटी मोटरसायकल बनवायला घेतली आहे, असं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. फोटोही पाहिला. हत्यारं ओळीनं टांगलेली आहेत, प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत आहे. बरं वाटलं. गेनूकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे हातोडी. जे हातोडीनं बसत नाही ते मुळात चुकीचं बनलेलं आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

तुमचे आजोबा तेव्हा मुळशीच्या धरणाकाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. मी पुण्याहून बी. ए. होऊन, शेक्सपिअर वाचून तिथे गेले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गेनूचा गोठा आला. त्याला मिस्त्री ही पदवी त्यानं स्वतःच दिली होती. लढाईच्या काळात खडकीला लष्करी लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात पाने देण्याचं काम त्यानं काही महिने केलं होतं. पान्यातून हाताला जेवढी विद्या लागते, तेवढी त्याला होती. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणे, "आदी गाडी हुंद्या."

इंजिन त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. ते बागेत औषध फवारायच्या पंपाचं होतं. सांगाडा त्याच्याच लोखंडी खाटेचा, त्यामुळे त्या वर्षी तो जमिनीवर झोपत असे. चाकं बांधकामावरच्या मोडक्या हातगाडीची. ती एवढी लहान, की गाडी गेनूच्या गुडघ्यापर्यंतच आली. तिच्यावर तो बसला, की त्याचे गुडघे कानांशी जात आणि लांबून एखादा बेडूक मडक्यावर बसल्यासारखा दिसे. पेट्रोलची टाकी माझी होती. माझ्या फडताळातले डबे एका मापाचे आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली. त्यातला एक दिसेना, म्हणून मी शोधत होते, तोच गेनू दारात येऊन उभा राहिला.

"डॉक्टरीणबाई, तुमचा डबा गाडीला दिला. साबुदाना ताटात काढून ठिवलाय, मुंग्या लागायच्या आदी बगा."

चिठ्ठी त्यानं काढली नाही. ती गाडी शेवटपर्यंत साबुदाण्यावर चालली.

इंजिनावर पितळेची पट्टी होती. तीवरचं इंग्रजी वाचायला त्यानं मला बोलावलं. इंजिन सतत चालवू नये, अधूनमधून थंड होऊ द्यावं, असं मी वाचून सांगितलं. "त्ये सायबाच्या देशातलं," तो म्हणाला. "त्यांना ऊन सोसत न्हाई. आमी जन्माचं उन्हात हाय. ते बी शिकंल."

पहिल्या चाचणीला सगळं गाव जमलं. गेनूनं दोरी ओढली, धूर झाला, कोंबड्या उडाल्या आणि गाडी दणक्यात सुरू होऊन मागे गेली. थेट उकिरड्यात. त्यानं इंजिनच उलटं बसवलं होतं. पुण्यातला कोणीही माणूस शरमेनं तोंड लपवून बसला असता. गेनू शेणातून उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "कंपनीची गाडी बी पैल्यांदा मागंच जाती." हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. टाकी गळली, तर कंपनीची बी गळती. मिशी जळली, तर कंपनीवाल्यांना मिश्याच नसत्यात, का ते समजून घ्या. ब्रेक कुठे आहे, असं तुमच्या आजोबांनी विचारलं, तर त्यानं दोन्ही वहाणा उचलून दाखवल्या.

आता ही उठाठेव कशासाठी, ते सांगते. त्याचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी ओसरलं, की तिथल्या देवीच्या देवळाचं जोतं उघडं पडे आणि उठून गेलेल्या घरांतल्या बायका तिथे जाऊन देवीची ओटी भरत. गेनूची आई, पारूबाई, दर वर्षी त्यांच्याबरोबर दर्शनाला जायची. पण दोन वर्षं तिचे गुडघे धरले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुण्याला नेऊन डोळे करून आणू, असं तुमचे आजोबा तिला कितीदा म्हणाले. ती म्हणे, "बगायचं हुतं ते पान्यात गेलं, डाक्टर. आता डोळं काय करायचं?" पण देवीला जायचं होतं. सगळ्यांना ऐकवत होती, की औंदा नाही घडलं तर पुढचा उन्हाळा काही आपण बघत नाही.

बैलगाडी त्या खाचखळग्यांत उतरत नसे. डोली करू म्हटलं, तर म्हातारी उसळे. "चौघांच्या खांद्यावं मी येकदाच जानार, आन तवा मला इचारू नका." गाढव सुचवणाऱ्याला तिनं सुनावलं, "गाडवावं बसाया मी कुनाची चोरी केलीया?" तिला बसून, मानानं जायचं होतं. म्हणून फटफटी. ती ठेंगणी आहे, कारण म्हातारीचा पाय वर उचलत नाही, असं गेनू सांगे. मला ते पटलं नव्हतं. चाकं मिळाली तेवढी गाडी झाली आणि आईचं निमित्त नंतर जोडलं, असं माझं मत होतं आणि ते मी त्याला सांगितलंही होतं.

वैशाख सरत आला. घाटमाथ्यावर ढग दिसायला लागले. गावातल्या बायका आधीच पायी जाऊन आल्या होत्या. एका सकाळी गेनू दारात उभा. "डॉक्टरीणबाई, आय रांडमुंड बाई, तिला वटी भरता येत न्हाई. घरात सवाष्ण न्हाई. तुमी चला."

मी खण, नारळ, तांदूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाले. पारूबाई नवं लुगडं नेसून मागच्या गोणपाटावर बसली होती. तिचे पाय खरोखरच आरामात जमिनीला टेकत होते. गेनूनं दोरी ओढली. गाडी चालली, आणि पुढेही चालली. सडकेवर तिच्या मागे राहायला मला पदर खोचून पळावं लागलं. म्हातारी ताठ बसून येणाजाणाऱ्याला "कोन रं त्यो?" विचारत होती. ओळख पटो न पटो, तिला लोकांनी पाहायला हवं होतं.

धरणाच्या उतारावर, जिथून भेगाळलेली जमीन सुरू होते, तिथे इंजिन खोकलं आणि मेलं. गेनूनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. खिशातून हातोडी काढली आणि परत ठेवली. लांब उन्हात देवळाचं जोतं दिसत होतं.

"का रं थांबली?" म्हातारीनं विचारलं.

"थांबली कुटं? हितं दगडं हायेत. तू म्होरं सरक, हँडल धर. मी खाली उतरून हाकतो."

तो मागे गेला, पार दुमडून गोणपाटाला खांदा लावला आणि गाडी ढकलायला लागला. आणि तोंडानं आवाज काढायला लागला. फट फट फट फट. चाळिशीचा पुरुष, जळकी मिशी, गालातून थुंकी उडतेय. बावळटपणाची ही परिसीमा होती. चूक दिसली, की मी सांगतेच. तुमच्या आजोबांची तर तक्रारच होती. मी तोंड उघडलं. गेनूनं माझ्याकडे पाहून मान हलवली. आवाज थांबवला नाही.

मी तोंड मिटलं आणि तांब्या सांभाळत मागून चालू लागले.

ऊन चढत होतं. फटफट हळूहळू विरळ झाली, मधे शिट्टीसारखा श्वास वाजू लागला. चढाचा एक तुकडा आला, तिथे तर फट आणि फट यांच्यामध्ये मोठी फट पडायला लागली. पारूबाई समोर, काहीच दिसत नसलेल्या देवळाकडे तोंड करून बसली होती. मान न वळवता ती म्हणाली,

"गेनू, गाडीला दम लागलाय बग. सावकाश घे. पानी पाज तिला."

गेनू थांबला. देवीसाठी आणलेला तांब्या मी त्याच्यापुढे धरला. तो घटाघटा प्यायला, आवाज होऊ नये म्हणून तोंड पलीकडे करून. म्हातारीनं हँडल सोडलं नव्हतं. तिनं वाट पाहिली, आणि मग लुगड्याचा पदर नीट करून म्हणाली, "हां. चालू कर आता."

त्यानं खांदा लावला. फट फट फट.