शिल्लक पाच फोटो

"फोटोतला एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघता कामा नये," ड्रॉइंगचे गावंड सर वर्गात म्हणाले. "बघितलं की फोटो बाद. विषय, गजबजलेला बाजार. सव्वीस जानेवारीला प्रदर्शन. कुणाच्या घरी कॅमेरा आहे?"

ऋतुजाच्या घरी कॅमेरा नव्हता. तिनं हात वर केला. आठवीपर्यंत ती शेवटच्या बाकावर बसून नखं खायची. पण दिवाळीनंतर वक्तृत्वात तिसरा नंबर आला आणि तेव्हापासून तिचा हात तिला न विचारताच वर जायला लागला होता. वर "पहिला नंबर माझाच, सर!" असंही ती बोलून बसली. सगळा वर्ग हसला. आता माघार म्हणजे दहावीपर्यंत चेष्टा.

कॅमेरा होता प्रवीणमामाकडे, रोह्याला. मामा तिथं कंपनीत होता. बारा तारखेच्या रविवारी नाइट शिफ्ट संपवून तो सकाळच्या एसटीनं पेणला आला, कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि तिथंच आडवा झाला.

"एकतीस फोटो कोलाडच्या लग्नात गेले. पाच शिल्लक आहेत," तो डोळे मिटूनच म्हणाला. "जपून."

"पाच कशाला? मला एक बस झाला!"

सोबत वर्गातली मैत्रीण दिशा होती. फोटोखाली माणसाचं नाव-गाव लिहायचं होतं, म्हणून तिनं वही घेतली होती आणि कानावर पेन खोचलं होतं. थंडी मस्त होती. बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले होते, मडक्यात शेंगा भाजायच्या, त्या पोपटीसाठी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या आल्या होत्या, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी टोपल्यांनी असा भरला होता की मधून सायकलही उचलूनच न्यावी लागत होती. याहून गजबजलेला बाजार मिळणार कुठे?

ऋतुजानं पहिला नेम धरला धोंडुबाईवर. धोंडुबाई खाडीकडच्या खारेपाटातली, दर रविवारी हैबतरावांच्या पापडाच्या दुकानासमोर शेंगा घेऊन बसायची. ती एका गिऱ्हाइकाशी मनापासून भांडत होती. तागडी एका हातात, दुसरा हात हवेत. ऋतुजानं कॅमेरा डोळ्याला लावला. धोंडुबाईनं तो पाहिला, भांडण अर्ध्यात सोडलं, तागडी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि झेंडावंदनाला उभी राहावी तशी ताठ उभी राहिली. गिऱ्हाईकही तिच्याशेजारी ताठ. खट्!

"आजी, असं नाही! भांडा ना!"

"फोटूत भांडू? सून बगल तर काय म्हनंल गो?"

दुसरा फोटो हैबतरावांनी खाल्ला. कॅमेरा दिसताच ते गल्ल्यावरून उठले, भिंतीवरची वडिलांची हार घातलेली तसबीर काढून छातीशी धरली आणि पायरीवर आले. "काढ! बाबा पण येऊ देत." दोघंही, म्हणजे हैबतराव आणि बाबा, थेट कॅमेऱ्याकडे बघत होते. खट्!

"तीन राहिले," दिशा म्हणाली.

"मग लपून काढू या."

चूक झाली ती इथं. आठवड्यापूर्वी अतिक्रमण हटवणारे साहेब असेच बाजारात आले होते. त्यांनी खांबाआड उभं राहून रस्त्यावर बसलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला, सोबतच्या माणसानं वहीत नावं लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी गाडी येऊन टोपल्या-तागड्या उचलून घेऊन गेली. हे या दोघींना माहीत नव्हतं. बाजाराला मात्र पाठ होतं.

ऋतुजा हैबतरावांच्या दुकानाच्या खांबाआड उभी राहिली. दिशा वही उघडून सुकट विकणाऱ्या सगुणाकडे गेली आणि तिनं अदबीनं विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय? गाव कुठलं? रोज इथंच बसता?"

सगुणानं वहीकडे पाहिलं. मग खांबाआडून बाहेर आलेली कॅमेऱ्याची नळी पाहिली.

"गारी आली गो बायांनो! फोटू काढतान!"

पुढचं सगळं इतकं झटपट झालं की ऋतुजाला कॅमेरा खाली घ्यायलाही सुचलं नाही. गोणपाटाच्या चारी टोकांची गाठ पडत होती, टोपल्या डोक्यावर चढत होत्या. शेंगा, पाला, सुकट, मुळे, सगळं देवळामागच्या बोळात गडप! पाठोपाठ पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकंही पळाली, कारण सगळे पळतायत म्हटल्यावर आपणही पळावं. दोन मिनिटांत रस्त्यावर उरली एक पालथी टोपली, एकच चप्पल, आणि विसरलेली तागडी खाऊन बघणारी एक शेळी. घाबरून ऋतुजाचं बोट दाबलं गेलं. खट्!

"गेला अजून एक," ती रडवेली झाली. "रिकाम्या रस्त्याचा!"

हैबतराव पायरीवर आले. "हे लोक माझं दुकान झाकतात," ही त्यांची वीस वर्षांची तक्रार होती. त्यांनी समाधानानं रस्ता डोळे भरून पाहिला. मग पाच मिनिटं गिऱ्हाइकाची वाट पाहिली. मग म्हणाले, "पोरी, बाजार कुठं गेला?"

"बोळात."

"मग आण की परत! पापड काय शेळीला विकू?"

ऋतुजा बोळात गेली. पन्नास-साठ जणी टोपल्या पोटाशी धरून बसल्या होत्या.

"मी गाडीवाल्यांची नाही हो! शाळेची आहे!"

"मंग ती नाव कशाला लिवते?" धोंडुबाईनं दिशाकडे बोट दाखवलं.

"भिंतीवर लावायला," दिशा घाबरून म्हणाली. "फोटो आणि खाली नाव. प्रदर्शनाला मोठे साहेब येणार आहेत बघायला."

धोंडुबाईनं डोळे बारीक केले.

"सायब बगनार? फोटू नि खाली नाव? म्हंजे ज्याचा फोटू त्याची जागा पक्की?"

"नाही हो आजी, तसं काही—"

पण ऐकतंय कोण! बोळ जसा भरला होता तसाच रिकामा झाला. बाया रस्त्यावर शाळेच्या प्रार्थनेसारख्या सरळ ओळी धरून बसल्या. प्रत्येकीनं माल छातीशी धरला, सगळ्या कॅमेऱ्याकडे टक लावून. समोरच्या कटिंगच्या दुकानातला काळुराम कुणाच्या तरी मुळ्यांची जुडी मागून आणून ओळीत बसला. आणि सगळ्यात शेवटी हैबतराव दुकान उघडं टाकून पापडांची टोपली घेऊन आले, सगुणाला म्हणाले, "सरक जरा," आणि मांडी घालून बसले.

"तुमचं तर दुकान आहे ना?" दिशानं विचारलं.

"लिही तू. जागा असलेली बरी."

उरलेले दोन फोटो त्या ओळीवर गेले. साठ माणसं आणि एकशेवीस डोळे, सगळे भिंगात.

रोल धुऊन आला तेव्हा ऋतुजानं पाचही फोटो गादीवर मांडले आणि उशीत तोंड खुपसलं. नियमात बसत होता एकच. त्यात कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं, कारण कुणी नव्हतंच. शेळीसुद्धा तागडीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं तोच सरांच्या हातात दिला आणि वर्गाकडे पाठ करून उभी राहिली.

गावंड सरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "गर्दी दिसत नाही. पण गर्दी आत्ताच उठून गेलीय, हे दिसतं. तागडी अजून हलतेय बघ!"

पहिला नंबर! ऋतुजानं वर्गाकडे इतक्या जोरात वळून पाहिलं की मान आखडली.

सव्वीस जानेवारीला बक्षीस द्यायला आले ते तेच अतिक्रमणवाले साहेब. फोटोपाशी येऊन त्यांनी चष्मा पुसला.

"हा... आपला बाजारातला रस्ता? रविवारचा?"

"हो, सर. पावणेअकराचा."

"मोकळा!" साहेब फोटोला नाक टेकवून म्हणाले. "वरून आठ महिने रस्ता मोकळा केल्याचा पुरावा मागतायत. मला एक कॉपी दे, बाळ."

"पण साहेब, तो दोनच मिनिटं—" ऋतुजा बोलू लागली. गावंड सर जोरात खोकले. कॉपी गेली.

मग मात्र तिच्या बक्षिसाची सगळी मजा गेली. रस्ता असाच मोकळा हवा म्हणून आपल्या फोटोवरून आता सगळ्यांना कायमचं उठवणार! पुढच्या रविवारी ती धोंडुबाईचा फोटो घेऊन, पाय ओढत बाजारात गेली. धोंडुबाई जागच्या जागी होती. आणि समोर उकिडवे बसून शेंगा निवडत होते साहेब.

"साहेब, तुम्ही... गाडी?"

"गाडी कशाला? रस्ता मोकळा आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "फोटो पाठवलाय ना आपण वर. मोकळ्या रस्त्यावर गाडी पाठवली तर मलाच विचारतील. अहो बाई, कोवळ्या द्या हं, पोपटी लावायचीय."

साहेब पिशवी घेऊन, टोपल्यांमधून वाट काढत, मोकळ्या रस्त्यानं निघून गेले. ऋतुजानं धोंडुबाईच्या हातात फोटो ठेवला.

"हा तुमचा, आजी. पण सरांनी बाद केला असता. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय ना."

धोंडुबाईनं ओल्या हातानं फोटो लांब धरून पाहिला आणि पदरात खोचला.

"तुज्या सराला काय कलतंय गो? जो फोटू काढतो, त्याच्याव नजर नको ठेवायला?"