भिवाबाईंचा उजवा हात

शेलवाडीच्या डोंगरावर कॅमेरा घेऊन चढणाऱ्याला पायथ्याच्या समितीकडून एक जादा हात मिळतो, आणि तो अंधार पडायच्या आत परत करावा लागतो.

मंदाकिनी टिळेकरांना हा नियम पटला होता. सॅक उतरवून, चेन उघडून कॅमेरा काढेपर्यंत समोरचं निघून जातं. गळ्यात अडकवावा, तर ओणवं होऊन चढताना तो कातळावर आपटतो. आणि यंदा चुकून चालणार नव्हतं. कारवी सात वर्षांनी फुलली होती, बाईंना एकोणसत्तर सरत होतं, आणि पुढच्या फुलोऱ्याला आम्ही नाही, असं गुडघ्यांनी आधीच कळवलं होतं.

"उजवा आहे, भिवाबाईंचा," समितीचा काळूराम फॉर्म भरत म्हणाला. "जुना आहे, पण पकड सोडत नाही."

"त्यांची हरकत?"

"मला कशाला लागतोय?" ओट्यावर बसलेल्या भिवाबाई म्हणाल्या. "वेणी सून घालते. पाय गेले, हात तरी जाऊन येऊ दे. धाक मात्र घालू नका त्याला. माझं कधी ऐकलं नाही त्यानं, तुमचं काय ऐकणार?"

काळूरामने हात बाईंच्या बरगडीशी पट्ट्याने बांधला. चढभर त्या हाताने कॅमेरा छातीशी धरला. बाईंचे स्वतःचे दोन्ही हात काठीला आणि कातळाला मोकळे. पक्षी दिसला की कॅमेरा डोळ्याशी हजर.

"शिकलेला दिसतोस," बाई म्हणाल्या.

माथ्यावर अख्खा उतार जांभळा झाला होता. खालून धुकं चढत होतं. फार तर पाव तास. तेवढ्यात हाताने कॅमेरा गवतावर ठेवला आणि तो कारवीत शिरला. एकेक काठी चिमटीत धरून जाडी पाहू लागला. फुलोरा सरून कारवी वाळली की शेलवाडीत घरांच्या भिंतींसाठी तिचे कूड विणतात, आणि कुठली तोडायची ते फुलातच खूण करून ठेवतात.

बाईंनी कॅमेरा उचलला. पण हात ओढी तशा बाई हलत. सहा फोटो काढले, सहाही हलले.

"अरे, सात वर्षं थांबलेय मी."

हाताने एका काठीभोवती गवताची काडी गुंडाळली. गाठ मारायला त्याला जोडीदार नव्हता. तो काडी धरून तसाच थांबला.

बाईंनी धुक्याकडे पाहिलं. मग कॅमेरा खाली ठेवला आणि काडीचं दुसरं टोक धरलं.

एकवीस गाठी झाल्या. शेवटची मारताना फुलं दिसत नव्हती.

खाली आल्यावर काळूरामने 'हात सुस्थितीत' असं लिहिलं. "तक्रार असल्यास वेगळा फॉर्म आहे."

"नको."

भिवाबाईंनी हात चढवला आणि बोटं नाकाशी नेली.

"खुणा किती?"

"एकवीस."

"थोड्या झाल्या. आणि तुमचा फोटो?"

"राहिला."

"मग उद्या दोन्ही न्या. गाठी ते मारतील एकमेकांत, तुम्ही झाडाला पाठ लावून तुमचं बघा."

एका माणसाला दोन जादा हात देता येतात का, ते काळूरामने नियमात पाहिलं. येत होते. उद्या सकाळी भिवाबाईंना चहा कोण पाजणार, असा एक रकाना मात्र भरावा लागे. त्याने तिथे स्वतःचं नाव घातलं.